चालण्याच्या वेगात

सोमवार, १४ ऑक्टोबर १९९६

शनिवारी इथे लिहिलं ते खरं नाही. देल्फिना पावेसींच्या फाटकासमोर आमची शववाहिका पेट्रोल संपल्यामुळे बंद पडली, असं मी लिहिलं होतं. लोकांनाही तेच सांगितलं. आज टाकीत काठी घालून पाहिली, तर ती वीतभर ओली निघाली. पेट्रोल होतं. तेव्हा इतकी लाज वाटली की जे पहिलं सुचलं ते बोलून गेले, आणि घरी येऊन तेच इथे उतरवलं. शनिवारचं पान फाडत नाही, पण ते चूक आहे अशी नोंद करून ठेवते.

खरं काय झालं ते असं. चर्चमधून पेटी निघाली की आमच्याकडे ती आधी त्या माणसाच्या घरी जाते. फाटकासमोर गाडी उभी करायची, इंजिन बंद करायचं आणि मागचं दार उघडायचं, म्हणजे माणसाला आपलं घर एकदा दिसतं. तेवढा वेळ कुणी बोलत नाही. मग दार लावायचं, इंजिन चालू करायचं आणि स्मशानाची वाट धरायची. पुढे फादर चालतात, मागे सगळं गाव. शनिवारी मी दार लावलं, स्टार्टर मारला, आणि इंजिनाने उचल घेतलीच नाही. नुसता पेट्रोलचा भपकारा. देल्फिनाबाईंच्या मुलांनी आणि जावयांनी गाडी ढकलत नेली. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, तिला स्वयंपाकघर सोडवत नाहीये." लोक हसले. देल्फिनाबाईंची थोरली सून हसली नाही.

पापांना हे सांगायचं नव्हतं. शेजारच्या लेस गॉरिंजने खिडकीतून डोकं आत घालून सगळं सांगितलं. लेस साखर कारखान्यात फिटर होता, आता निवृत्त आहे. गप्प बसणं त्याला जमत नाही.

पापा पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीपाशी असतात. दोन्ही फुप्फुसं गेली आहेत. टाउन्सव्हिलच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, त्याचा अर्थ आम्हाला समजला आहे. लेस गेल्यावर त्यांनी मला पलंगाशी बोलावलं. मग म्हणाले, "ढकलत नेली?"

"हो, पापा."

"मला ढकलत नेलेलं चालणार नाही. आणि शहरातल्या कंपनीच्या त्या पांढऱ्या व्हॅनमधून तर मी जाणारच नाही. तसल्या व्हॅनमधून पाव नेतात. तू म्हातारीला नीट कर, नेरि. ती नीट झाली की मी निघतो."

म्हातारी म्हणजे गाडी. १९४८ सालची, काळी, बाजूंना काचा. पापा तिला इटालियनमध्ये 'ला व्हेक्या' म्हणतात, म्हणून घरात सगळेच म्हातारी म्हणतात.


मंगळवार, १५ ऑक्टोबर

कार्बोरेटर उतरवला. तळाच्या वाटीत गंजाची लाल भुकटी आणि लाखेसारखा चिकट थर होता. पेट्रोल सोडणारे जेट काढून धुतले, हवा मारली, उजेडाकडे धरून प्रत्येकाचं भोक पाहिलं. वाटीत तरंगणारा फ्लोट कानाशी हलवून पाहिला. आत पेट्रोल शिरलेलं नाही. पेट्रोल अडवणाऱ्या सुईचं टोक झिजलेलं होतं, ती बदलली. खरं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा पापांचा नियम आहे, नाहीतर काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही. मी दोन गोष्टी केल्या. घाई झाली.

मग हायवेवर नेली. लोण्यासारखी पळाली. परत येताना मी मोठ्याने गात होते.

पापांना सांगितलं. ते म्हणाले, "छान. आता पुढचा माणूस नेऊन बघ."


बुधवार, १६ ऑक्टोबर

इस्पितळाच्या नर्स, सिस्टर बेव्ह, आल्या होत्या. त्या दिवसाआड येतात. मॉर्फीनचं इंजेक्शन काढलं तसा पापांनी हात पांघरुणात ओढून घेतला.

"मिस्टर वाल्सेक्की, तुम्हाला किती दुखतंय ते मला दिसतंय."

"दिसू दे. ते घेतलं की डोक्यात कापूस भरतो. मला इंजिन ऐकायचंय."

"कुठलं इंजिन?"

"ती विचारते कुठलं इंजिन," पापा मला म्हणाले.

व्हरांड्यात सिस्टर म्हणाल्या, "त्यांना समजाव. हे असं सोसायची काही गरज नाही." मी म्हटलं, गाडी झालीच आहे. एक चांगली अंत्ययात्रा झाली की ते घेतील. सिस्टरांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. मी काही चुकीचं बोलले का, याचा दिवसभर विचार करते आहे.


शुक्रवार, १८ ऑक्टोबर

पुन्हा बंद पडली.

प्रीमो रिगोनींना नेत होतो. ते आयुष्यभर ऊस लावत आले. त्यांच्या घरासमोर ती बंद केली आणि एक-दोन खोकले देऊन चालू झाली. मी देवाचे आभार मानले. पुढे फाट्यावर उसाची आगगाडी आडवी आली. गळीत हंगाम अगदी भरात आहे, डबे संपतच नव्हते. इंजिन थरथरायला लागलं. मी पाय जरा दाबला, ते आणखी घुसमटलं आणि गेलं. मग काही केल्या चालू झालं नाही. शेवटी लेसच्या उघड्या पिकअपमधली शिडी आणि रंगाचे डबे खाली उतरवले आणि प्रीमोंना त्यात ठेवून नेलं.

"त्याला शेवटचा डबा मोजायचा होता," त्यांचा भाऊ म्हणाला. त्याने माझी बाजू सावरण्यासाठीच म्हटलं असेल. मला रडू आलं, आणि लोकांना वाटलं प्रीमोंसाठी रडते आहे. मी तसंच वाटू दिलं.

घरी आले तर पापांचे डोळे दाराकडे लागलेले. मी सांगण्याआधीच त्यांना कळलं. ते उशीत तोंड दाबून खोकले. झीयाने टॉवेल आणून घातला. झीया एर्नेस्ता ही पापांची धाकटी बहीण. आई गेल्यापासून घर तीच बघते. टॉवेल न्हाणीघरात नेताना तो मला दिसू नये म्हणून तिने पाठ केली, पण मला दिसला.


शनिवार, १९ ऑक्टोबर

मूर्ख आहे मी. हायवेवर तपासली!

आमच्या गाडीचं सगळं काम चालण्याच्या वेगात होतं. पुढे फादर, त्यांचा गुडघा दुखरा. गाडी त्यांच्या मागे, पहिल्या गिअरमध्ये, पाय पेडलवर जेमतेम टेकलेला. तेव्हा मोठा जेट काही देतच नाही. इंजिन सगळं त्या छोट्या स्लो जेटच्या वाटेवर जगतं. हायवेवर मी जे तपासलं त्याचा आम्हाला उपयोगच नाही. एवढं साधं मला सुचू नये! माझं पहिलं वाचन म्हणजे या गाडीचं माहितीपुस्तक आणि शवपेट्यांवरच्या पितळी पाट्या. आई आजारी असायची, ओढ्यावर तेव्हा पूल नव्हता, त्यामुळे नऊ वर्षांची होईपर्यंत शाळा नाही. पापांनीच शिकवलं, शेडमध्ये, बोनेटवर पाटी ठेवून. एवढं करून घेतलं त्याचं हे फळ.

लेस येऊन बोनेटखाली डोकावला. "पोरी, हे सरळ आहे. उन्हाने पेट्रोलची नळी तापते, आत वाफ धरते. लाकडी चिमटे लाव."

"कसले चिमटे?"

"कपडे वाळत घालायचे. नळीवर ओळीने. लाकूड उष्णता ओढून घेतं. माझ्या बापाच्या गाडीला चोवीस होते."

"आणि चालायची?"

"दिसायची झकास."

दोरीवरचे सगळे चिमटे काढून लावले. झीयाची ओली चादर गवतात पडली. ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.


सोमवार, २१ ऑक्टोबर

आज नीट, नियमाने परीक्षा घेतली. मागे पेटीच्या जागी खताच्या गोण्या. पुढे चालायला माणूस हवा, नाहीतर माझा पाय नकळत जड होतो. म्हणून झीया. उसामधल्या कच्च्या वाटेवर ती पुढे, छत्री डोक्यावर, हातात जपमाळ, मागे म्हातारी, म्हातारीत मी. पलीकडच्या शेतात पाणी देणाऱ्या माणसाने टोपी काढून छातीशी धरली.

"कोण गेलं?" त्याने ओरडून विचारलं.

"अजून कुणी नाही!" झीया ओरडली.

चिमट्यांचा काडीइतकाही उपयोग नाही. शेतातल्या पाण्याच्या पंपापर्यंत गेलो आणि थरथर सुरू. बंद पडल्यावर झाकण काढून आत पाहिलं. इंजिन बंद असूनही वाटीतलं पेट्रोल उकळत होतं, आणि नळीतून टप टप आत सांडत होतं. म्हणजे दोन दुखणी आहेत. चालता चालता ती उपाशी पडते, आणि बंद केली की अंगातल्या तापाने तिला पूर येतो. दोन्ही उलटी. एकाचा उपाय केला की दुसरं वाढतं. म्हणून मला काही उमगत नव्हतं.

हे समजलं म्हणून बरं वाटायला हवं होतं. संध्याकाळी पापांनी सूप परत पाठवलं. गिळवत नाही म्हणाले.


मंगळवार, २२ ऑक्टोबर

आज गाडी खिडकीखाली आणून चालू ठेवली. पापांच्या हातात मोठा पाना दिला. पलंगाच्या लोखंडी कडीवर एक ठोका म्हणजे चांगलं, दोन म्हणजे वाईट. बोलायला त्यांना हवा पुरत नाही.

तेलाच्या कुपीने कार्बोरेटरच्या एकेका सांध्यावर थेंब सोडत गेले. वरचं झाकण: काही नाही. खालचं पॅकिंग: काही नाही. थ्रॉटलच्या स्पिंडलच्या टोकाशी थेंब पडला, आणि इंजिनाचा आवाज एकदम भरला, जसा खोल श्वास घेतल्यावर माणसाचा भरतो. आतून लगेच एक ठोका आला. मी पुन्हा थेंब सोडला. पुन्हा ठोका. स्पिंडल, म्हणजे थ्रॉटलची दांडी, झिजून ढिला झाला आहे; तेलाने फट क्षणभर बुजली. तिथून बाहेरची हवा आत शिरते आणि त्या छोट्या वाटेवरचं पेट्रोल पातळ करते. मोठ्या वेगात ती गळती जाणवत नाही. चालण्याच्या वेगात तीच जीव घेते.

धावत आत गेले. पापांना घाम फुटला होता, पण चेहरा खुलला होता. म्हणाले, "हवा. हवा जाते तिची." आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून हसले. हसण्याचा खोकला झाला, आणि तो थांबेना.

लेसने स्पिंडलभोवती बसवायला पितळेचे दोन बुश, म्हणजे कड्या, करून देतो म्हटलं आहे. कारखान्याच्या लेथवर अजून त्याची ओळख चालते.


बुधवार, २३ ऑक्टोबर

लेसने केलेले पहिले बुश जाड निघाले. "हे तुझ्या आगगाडीला होतील," असं मी म्हटलं. तो गुमान परत गेला आणि दुसरे करून आणले. बसले.

आता उकळण्याचं. कार्बोरेटरच्या खाली, इंजिनाच्या तापापासून त्याला उचलून धरणारा एक जाड ठोकळा असायला हवा. पुस्तकातल्या चित्रात तो आहे. आमच्याकडे नुसतं कागदाचं पॅकिंग. ठोकळा कुणी काढला असेल, असं पापांना विचारलं. त्यांनी डोळे मिटले.

"मीच. पंचवीस वर्षं झाली. कार्बोरेटरवर हवेची नवी जाळी बसवली, बोनेट लागेना. ठोकळा काढला, लागलं."

"आणि तेव्हापासून ती उकळते?"

"तेव्हा फादर तरुण होते. भराभर चालायचे."

नवा ठोकळा पाहिजे होता पक्क्या, जुन्या, वाळलेल्या लाकडाचा. घरात असं एकच लाकूड आहे: ज्यावर झीया मक्याच्या पिठाची घट्ट पोलेंता ओतते तो पाट. मी काही बोलण्याआधीच तिने तो छातीशी धरला.

"माझे चिमटे घेतले. माझी चादर मातीत. आता पाट. उद्या माझे दात मागशील, गिअरला लावायला."

"झीया, पापांसाठी."

तिने पाटाचा मधला भाग हाताने पुसला. मग पाट माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "कोपऱ्यातून काप. मधला भाग ठेव."


गुरुवार, २४ ऑक्टोबर

झाली.

गोण्या मागे, झीया पुढे, फादरांसारखी लंगडत, कारण तिला आता ते सोंग आवडायला लागलं आहे. ओढ्यापर्यंत गेलो. उन्हात उभी केली. बंद केली. मागचं दार उघडलं, एक पूर्ण प्रार्थना म्हटली, दार लावलं. पहिल्या फिरकीत चालू झाली. परत येताना मुद्दाम थांबत थांबत आणली. एकदाही थरथरली नाही. झीयाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि छत्री मिटून बोनेटवर ठेवली.

पापांना अजून सांगितलेलं नाही. ते झोपल्यासारखे होते. एका दिवसावर विश्वास ठेवू नये. उद्या खिडकीखालून नेते, मग सांगते.


शुक्रवार, २५ ऑक्टोबर

खिडकीखाली बंद पडली. शेडमधून निघाली तेव्हापासूनच नीट नव्हती.

कार्बोरेटर पाहिला तर स्लोचा, म्हणजे मंद चालीचं पेट्रोल ठरवणारा, स्क्रू पार आत गेलेला. तो तळापासून दीड वेढा बाहेर असावा लागतो. कसा फिरला कळत नाही. काल शेवटचा मीच हाताळला होता. नीट बसवला नसेल.

पापांनी ठोका दिला नाही. ना एक, ना दोन.


शनिवार, २६ ऑक्टोबर

स्क्रू जागेवर आणला. चांगली चालत होती. पण फ्लोटची उंची बरोबर आहे ना अशी शंका आली, म्हणून वाटी पुन्हा उघडली. उंची बरोबर होती. तरी थोडी खाली घेतली. मग ती उपाशी पडायला लागली. उद्या पूर्ववत करते.

देल्फिनाबाईंची थोरली सून दुकानात भेटली. तिच्या माहेरच्या एका म्हाताऱ्यासाठी पांढरी व्हॅन सांगितली म्हणाली. "तुझ्यावर राग नाही ग," म्हणाली. मी म्हटलं, नीट व्हायला अजून आठवडा लागेल. आठवडा का म्हटलं? कुणी विचारलंही नव्हतं.


रविवार, २७ ऑक्टोबर

चर्चमधून आल्यावर झीया शेडच्या दारात येऊन उभी राहिली. टोपी अजून डोक्यावर होती.

"गुरुवारी चालत होती."

"हो."

"मग कार्बोरेटर आज पुन्हा टेबलावर कसा?"

"खात्री करून घेते आहे."

"किती खात्री लागते तुला?"

"झीया, फाटकासमोर बंद पडली तर? पापांना घेऊन?"

"अजून तो खोलीत आहे," झीया म्हणाली. मग तिने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. "तो चादर चावतो, नेरि. कोपऱ्याला भोकं पडली आहेत. तुला ऐकू जाऊ नये म्हणून चावतो." आणि ती गेली.

मी जेट पुन्हा धुतले. ते स्वच्छच होते.


सोमवार, २८ ऑक्टोबर

सिस्टर बेव्ह आल्या. पापांनी पुन्हा हात ओढून घेतला. या वेळी ओढायला बराच वेळ लागला. सिस्टरांनी तो सहज धरून ठेवला असता. त्यांनी धरला नाही.

व्हरांड्यात त्यांनी विचारलं, "गाडीचं काय झालं?"

"अजून थोडं राहिलंय."

"काय राहिलंय?"

मी म्हटलं, एक स्क्रू आहे.


मंगळवार, २९ ऑक्टोबर

सगळं जसं झालं तसं लिहिते.

दुपारी पापांनी मला बोलावलं आणि दार लावायला सांगितलं. एकेक वाक्य बोलून ते थांबत होते. ते थांबे मी इथे लिहीत नाही.

"गुरुवारी ती ओढ्यापर्यंत गेली आणि आली."

"तुम्ही झोपला होता."

"वारा इकडचा होता. मी सगळं ऐकलं. बंद केलीस, दार उघडलंस, लावलंस. चालू झाली. १९४८ साली होती तशी." मग म्हणाले, "शुक्रवारी माझ्या खिडकीखाली मेली."

"स्क्रू फिरला होता, पापा."

"त्या स्क्रूवर स्प्रिंग आहे. मी बसवली ती. तो आपोआप फिरत नाही."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. रस्त्यावर जळलेल्या उसाची राख पडत होती, आणि वाळत घातलेल्या उशीच्या अभ्र्यांवर ती बसते आहे, ते काढायला हवेत, असा विचार माझ्या मनात येत होता.

"माझ्याकडे बघ. मी रागावलेलो नाही."

"मी मुद्दाम नाही केलं," मी म्हटलं. तेव्हा ते मला खरंच वाटत होतं.

त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हातात आता काही जोर नाही. नुसतं ठेवलं म्हणा.

"तुला अजून किती दिवस हवेत, नेरि? आकडा सांग. तेवढे मी काढतो."

ते वाट बघत होते, गिऱ्हाईकाने काम कधी पाहिजे ते सांगायची वाट बघावी तसे. कुठल्याही घरी ते असंच विचारायचे: किती वाजता आणू गाडी?

"उद्या सांगते," असं म्हणून मी बाहेर आले.


बुधवार, ३० ऑक्टोबर

वर शुक्रवारी लिहिलं आहे की स्क्रू कसा फिरला कळत नाही. ते चूक आहे. मीच फिरवला. शुक्रवारी सकाळी शेडमध्ये गेले, बोनेट उघडलं, लहान स्क्रूड्रायव्हर घेतला आणि तळ लागेपर्यंत आत फिरवला. त्या वेळी मी मनात म्हणत होते, जागेवर आहे ना पाहते आहे. फ्लोटची उंचीही तशीच. मी स्वतःशी इतक्या सफाईने खोटं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. त्या पहिल्या शनिवारचं पेट्रोलचं खोटं निदान लगेच कळलं होतं.

दिवसभर आकडा शोधत होते. जो आकडा मनात येतो तो फार लहान वाटतो. मग त्या आकड्यातली एकेक दुपार, एकेक चादर डोळ्यांपुढे येते, आणि तोच आकडा भयंकर मोठा होतो. शून्य म्हणावं असंही वाटलं. पळत जाऊन आत्ताच गाडी काढावी. शेडपर्यंत गेले आणि तिथेच पायरीवर बसले. बापाने लेकीला असं विचारावं का? आणि लेकीने उत्तर द्यावं का? हे कुणाला विचारू? फादरांना विचारलं तर ते म्हणतील, दिवस देवाच्या हातात आहे. पण पापांनी तो माझ्या हातात दिला आहे.

पापांनी आज आकडा विचारला नाही. मी पाणी चमच्याने पाजलं तेव्हा फक्त बघत होते. दोन चमचे गेले.


गुरुवार, ३१ ऑक्टोबर

सकाळी एकटीने काम केलं. फ्लोट पुस्तकातल्या मापाला आणला. स्क्रू तळापर्यंत नेला आणि दीड वेढा बाहेर काढला. सांधे आवळले. ओढ्यापर्यंत नेली, या वेळी झीयाला उठवलं नाही, फादरांचा गुडघा मनातल्या मनात पुढे चालवला. थांबले, बंद केली, दार उघडलं, लावलं, चालू केली. काही चूक नाही. शोधूनही सापडली नाही.

परत आले आणि लहान स्क्रूड्रायव्हर झीयाला दिला.

"हे काय?"

"तुझ्याकडे ठेव. मी मागितला तरी देऊ नकोस."

तिने तो एप्रनच्या खिशात टाकला आणि पोलेंता ढवळायला लागली. पाट एका कोपऱ्याने कमी आहे, म्हणून ती हल्ली तिरकी ओतते. थोड्या वेळाने पाठमोरीच म्हणाली, "चालताना मी लंगडू की नको?"

"नको. सावकाश चाल फक्त."

मग पापांकडे गेले. उद्या सर्व संतांचा दिवस, चर्चला गर्दी असेल, रस्त्यावर गाड्या. परवा सर्व मृतांचा दिवस. सकाळपासून सगळं गाव स्मशानात असतं, थडगी धुवायला, फुलं ठेवायला, आणि आमच्याकडे त्या दिवशी कुणाला पुरत नाहीत. शववाहिका निघाली तर ती रिकामीच असणार, हे सगळ्यांना माहीत असतं. रस्ता मोकळा असेल. बघायला कुणी नसेल. सिस्टर बेव्हना फोन करून सांगितलं, परवा सकाळी या, औषध घेऊन या. त्यांनी विचारलं, ते घेतील का? मी म्हटलं, घेतील.

हे सगळं पापांना तसंच सांगितलं, घाई न करता. शेडमधून निघेन, झीया पुढे चालेल. खिडकीसमोर उभी करेन. इंजिन बंद करेन. मागचं दार उघडेन आणि थांबेन, नेहमी थांबतो तितकं. मग लावेन आणि चालू करेन.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "मग माझी दाढी करायला हवी. उद्या लेसला बोलाव. तू करू नकोस, तुझा हात थरथरतो."

"नाही थरथरत."

"मला चांगलं ऐकू येतं, नेरि."

मी त्यांचा पाना कडीला टेकवून ठेवला, हाताला लागेल असा.

पापांनी मागितलेला दिवस लिहून ठेवते, म्हणजे मला तो नंतर बदलता येणार नाही. शनिवार, दोन नोव्हेंबर, सकाळी नऊ वाजता.